क्षयाची लस आणि कुष्ठरोग

क्षयरोगाचा प्रतिबंध व्हावा म्हणून लहान मुलांस बी. सी. जी. ची लस टोंचण्यांत येते, हें आमच्या वाचकांस माहीत आहेच. परंतु हीच लस कुष्ठरोगावरही उपयोगी पडते काय, आणि पडत असल्यास किती, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. पुरुषोत्तमनगरच्या आसपासच्या ऊसमळ्यांत दर हंगामास तोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर तान्हीं मुलें असतात. कांहीं तर फडावरच जन्मास येतात. अशा मुलांची लस चुकली तर काय बिघडलें, असें म्हणणारे लोक आहेत. उलटपक्षीं, दंडावर लसीचा व्रण आहे, आतां महारोगाचें भय नाहीं, असें समजून अंगावरील चट्ट्याकडे दुर्लक्ष करणारेही आहेत. या दोन्ही समजुती नुकसानकारक होत. म्हणून या विषयाची माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जंतूंचें कुळ.— ज्वारी, ऊस आणि हराळी हीं दिसण्यांत निरनिराळीं असलीं तरी एकाच तृणकुलांतलीं आहेत. त्याचप्रमाणें माणसाच्या क्षयाचा जंतु, गुरांच्या क्षयाचा जंतु, कुष्ठरोगाचा जंतु आणि माती-पाण्यांत राहणारे कित्येक बहुधा निरुपद्रवी जंतु हे सर्व एकमेकांचे भाऊबंद होत. या सर्वांच्या अंगावर मेणासारखें जाड कवच असतें. त्यांतही कुष्ठरोगाचा जंतु अतिशय सावकाश वाढतो. संसर्गानंतर पुष्कळदां पांच वर्षांनीं, किंवा त्याहूनही उशिरां, रोगाचीं लक्षणें दिसूं लागतात.

लस कशी झाली.— ही लस मूळची गोठ्यांतली आहे. कासेचा क्षय झालेल्या एका गाईपासून मिळालेला जंतु घेऊन फ्रान्समधील लील शहरीं काल्मेत नांवाचे वैद्य व गेरँ नांवाचे पशुवैद्य यांनीं सन १९०८ मध्यें काम आरंभिलें. बटाटा, ग्लिसरीन व पित्त यांवर ते हा जंतु वाढवीत, आणि दर तीन आठवड्यांनीं त्याचें नव्या खाद्यावर रोपण करीत. असें सुमारें २३० वेळां केल्यावर, म्हणजे तेरा वर्षांनीं, त्याची रोग उत्पन्न करण्याची शक्ति नाहींशी झाली. परंतु शरीरास सावध करण्याची शक्ति कायम राहिली. सन १९२१ मध्यें पॅरिस येथें ती प्रथम एका तान्ह्या मुलास देण्यांत आली. भारतांत तिचा आरंभ सन १९४८ मध्यें झाला.

लस घेतल्यावर शरीरांतील रक्षक पेशींस या दुबळ्या जंतूच्या अंगचीं द्रव्यें ओळखूं येऊं लागतात. यांपैकीं कांहीं द्रव्यें भाऊबंद जंतूंच्याही अंगीं असतात. गांवच्या जागल्यास एका चोराची चाल माहीत झाली म्हणजे त्याच टोळींतला दुसरा आला तरी तो सावध होतो. तसाच हा प्रकार आहे.

प्रयोगांतील अनुभव.— अर्जेंटिनांतील फर्नांडिस यांनीं सन १९३९ मध्यें या संबंधाकडे प्रथम लक्ष वेधलें. पुढें देशोदेशीं मोठे प्रयोग झाले. युगांडांतील मुलांमध्यें कुष्ठरोगापासून सुमारें ८० टक्के रक्षण आढळलें, ब्रह्मदेशांत सुमारें २० टक्केच; आफ्रिकेंतील मलावी देशांत सुमारें ५० टक्के. आपल्या जवळचा प्रयोग म्हणजे तामिळनाडूंतील चिंगलपट भागांतला. सुमारें १,७१,००० लोकांवर केलेल्या या प्रयोगाचा निकाल सन १९९८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत नुसत्या बी. सी. जी. नें ३४ टक्के रक्षण झालें.

या आंकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. लस न घेतलेल्या मंडळींत जेथें १०० जणांस रोग झाला असता, तेथें तितक्याच लस घेतलेल्या मंडळींत ६६ जणांस झाला. पैसेवारीच्या भाषेंत सांगावयाचें तर हें पीक चौतीस पैसे होय. पन्नास पैशांच्या आंतलें खरें, परंतु शेत पडीक टाकावें इतकें वाईट नव्हे.

याच प्रयोगांत मुंबईच्या एका लशीची परीक्षा झाली, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट आहे. परळ येथील कर्करोग संशोधन केंद्रांत, डॉ. खानोलकर यांच्या काळीं, बापट व डॉ. कमल रणदिवे यांनीं सन १९५८ मध्यें कुष्ठरोग्याच्या शरीरांतून एक जंतु वेगळा करून वाढविला. पुढें डॉ. देव यांनीं तो निर्जीव करून त्याची लस केली. तिनें सुमारें ६५ टक्के रक्षण झालें. तथापि सर्वसाधारण लसीकरणांत तिचा समावेश झालेला नाहीं. मुलांस मिळते ती बी. सी. जी. च.

फरक कां पडतो?— याच चिंगलपट भागांत सन १९६८ पासून क्षयावरही प्रचंड प्रयोग झाला होता, व मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर लसीचा उपयोग दिसला नाहीं. मलावींतही लसीनें क्षय थांबला नाहीं, पण कुष्ठरोग निम्म्यानें घटला. आपल्या रोगास जी कमी पडली ती भाऊबंदाच्या रोगास उपयोगी पडली, असा हा विलक्षण प्रकार आहे. उष्ण प्रदेशांतील लोकांस माती-पाण्यांतल्या जंतूंची ओळख अगोदरच झालेली असते. त्यामुळें लसीचें काम झांकलें जातें, असें पुष्कळ तज्ज्ञ मानतात. म्हणूनच लस जन्मतांच देणें इष्ट. लहान मुलांस होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय व सर्वांगीं पसरणारा क्षय यांवर तिचें रक्षण चांगलें मिळतें, हें विसरूं नये.

मातींतल्या जंतूंविषयींचा अनुभव स्वीडनचा आहे. तेथें सन १९७५ मध्यें सर्व अर्भकांस लस देणें बंद झालें, आणि त्यानंतर मुलांच्या मानेंत अशा जंतूंमुळें होणाऱ्या गांठी वाढल्या. आफ्रिकेंतील बुरुली नांवाच्या व्रणरोगावर मात्र लसीचा परिणाम थोडे महिनेच टिकला.

शेतकऱ्यांनीं काय करावें.— पहिली गोष्ट, मूल जन्मतांच लस टोंचून घ्यावी. कांहीं कारणानें राहिल्यास एक वर्षाच्या आंत ती सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. आपल्या फडावर टोळी उतरली म्हणजे तींत तान्हें मूल आहे काय, त्याची लस झाली काय, याची चौकशी करून आशासेविकेस कळविणें हें मळेवाल्याचें काम आहे. टोळी चार महिन्यांनीं निघून जाते. मग त्या मुलास शोधणार कोण?

दुसरी गोष्ट, लस झाली असली तरी अंगावर फिकट अथवा लालसर, बधिर चट्टा दिसल्यास तत्काळ दवाखाना गांठावा. सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधानें रोग पूर्ण बरा होतो. घरच्या माणसांस रिफाम्पिसिनची एक मात्रा देतात. बांगलादेशांत अशा मात्रेनें सुमारें ५८ टक्के रक्षण झालें, आणि लहानपणीं लस झालेल्यांत दोहोंचें मिळून सुमारें ८० टक्के.

तिसरी गोष्ट, गुरांच्या क्षयाचा जंतु कच्च्या दुधांतून येतो. मुलास लस टोंचली म्हणून दूध न तापवितां पाजूं नये.

चौथी गोष्ट, चट्टा दिसला म्हणून मजुरास फडावरून हांकलून देऊं नये. औषध सुरू होतांच थोड्याच अवधींत त्याच्यापासून संसर्गाचें भय राहत नाहीं. हांकलला जाण्याच्या भीतीनें जो रोग लपवितो, तोच त्याच्या हातापायांस विद्रूप करतो व शेजारच्या खोपींत पसरतो. लस ही बांधासारखी आहे. बांध आहे म्हणून पिकाकडे जाणें कोणी सोडीत नाहीं, आणि एखादे वेळीं गुरें आंत शिरलीं म्हणून बांधही कोणी मोडून टाकीत नाहीं.