कित्ता आणि स्वतःचा सूर

मुलाच्या हातीं प्रथम लेखणी देतात, तेव्हां त्याच्यापुढें कित्ता ठेवितात. एका वर्गांतलीं सारीं मुलें तींच अक्षरें त्याच रेघांवर गिरवितात. परंतु पांच-सात वर्षांनीं त्यांचे कागद एकत्र मिसळून दिले, तरी शिक्षक नांव न वाचतां कोणता कागद कोणाचा हें सांगूं शकतो. कित्ता एकच होता. वळणें मात्र निराळीं झालीं. तें निराळेपण कोणी शिकविलें नाहीं. गिरवितां गिरवितां डोळा आणि हात यांचें सख्य जमलें, त्यांतून तें उमटलें. वाद्यावर ज्याला स्वतःचा सूर म्हणतात, तोहि असाच उमटावा लागतो. तो कसा उमटतो आणि कोठें अडतो, हाच येथें विचाराचा विषय आहे.

आज उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर काय, आणि मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांतून काय, गिटार हें वाद्य पेटी-तबल्याइतकेंच ओळखीचें झालें आहे. मुलगा हट्ट धरतो, वडील वाद्य आणून देतात, शिकवणी लागते. कोणत्या तारेवर, कितव्या पडद्यावर, कोणतें बोट ठेवावयाचें याचे आंकडे तो पाठ करतो. सहा महिन्यांत चार गाणीं वाजूं लागतात आणि घरांत कौतुक होतें. पुढें मात्र एके दिवशीं ती गिटार कपाटावर चढते ती पुन्हां उतरत नाहीं. कारण विचारलें तर मुलगा म्हणतो, "सगळें येतें, पण मजा येत नाहीं." वडीलधारीं माणसें याला आळस म्हणतात. वस्तुतः तो आळस नव्हे. त्याचीं बोटें शिकलीं, पण कान शिकला नाहीं. दुसऱ्याचें हुबेहूब काढून झालें, कीं स्वतःचें म्हणून सांगण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं उरत नाहीं. आणि जेथें सांगण्यासारखें कांहीं नाहीं, तेथें वाचा आपोआप बंद पडते.

या दुखण्याचा उपाय शोधावयास फार दूर जावयास नको. पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोंकाला पनवेल आहे. पनवेलच्या पुढें, पुण्याच्या रस्त्यापासून गोव्याकडे जाणारा रस्ता जेथें फुटतो, तेथें पळस्पे हें गांव लागतें. सुटींत अलिबागकडे निघालेलीं कितीतरी कुटुंबें या फाट्यावरून जातात. परंतु रुद्रवीणेचे थोर वादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचें गुरुकुल याच गांवीं आहे, हें त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असतें.

गिटार शिकणाऱ्यानें वीणेकडे कां पाहावें, असा प्रश्न येथें कोणी करील. रूपानें हीं दोन वाद्यें अगदीं भिन्न आहेत खरीं. तथापि दोन्ही पडद्यांचीं तंतुवाद्यें आहेत, आणि दोहोंची अडचण एकच आहे. गवई श्वास असेपर्यंत स्वर धरून ठेवूं शकतो. बासरीवाला फुंक असेपर्यंत धरतो. तार मात्र एकदां छेडली, कीं तिचा आवाज क्षणाक्षणाला विरत जातो. या विरत्या आवाजाला गातें कसें करावें, हा वीणेचा प्रश्न आहे आणि गिटारचाहि आहे.

झिया मोहिउद्दीन यांचा जन्म १९२९ सालीं उदेपूर येथें झाला. त्यांचे वडील झियाउद्दीन खाँ हे उदेपूर दरबारचे धृपदगायक व बीनकार. या घराण्याची रीत अशी, कीं हातीं वीणा घेणाऱ्यानेंहि आधीं गळ्यानें गावें. धृपदाचा आलाप अत्यंत सावकाश चालतो. एका स्वराभोंवतीं गायक बराच वेळ घालवितो, त्याच्या जवळच्या बारीक जागा चाचपून पाहतो, आणि मगच पुढच्या स्वराला हात घालतो. अशा गाण्यावर तयार झालेला कान जेव्हां वाद्याकडे वळला, तेव्हां त्याला वाद्य अपुरें वाटलें. त्याला हवा होता खोल, गंभीर व दीर्घकाळ टिकणारा आवाज. नखीच्या आघाताचा टणत्कार नको होता.

येथें मोठा पेंच होता. वीणा ही पिढ्यान्‌पिढ्या एका रूपांत चालत आलेली, आणि ती वाजविणारे तर बोटांवर मोजण्याइतके उरलेले. केलेला बदल फसला असता, तर हातचें वाद्यहि गेलें असतें आणि वडिलोपार्जित विद्या बिघडविल्याचा ठपकाहि आला असता. उलट बदल न करावा, तर कानांत ऐकूं येणारा सूर कधींच बाहेर पडला नसता. त्यांनीं कानाचें ऐकलें. वीणेचे भोपळे मोठे करविले, दांडी भरदार करविली, तारा अधिक जाड घेतल्या. उजव्या हाताच्या बोटांतली तारेची नखी काढून टाकली आणि उघड्या बोटानें तार छेडूं लागले. भोपळा खांद्यावर टेकण्याऐवजीं, दक्षिणेकडील वीणावादकांप्रमाणें त्यांनीं वीणा समोर आडवी घेतली. यामुळें आघात सौम्य झाला, आंस लांबली, आणि एकाच पडद्यावर तार ओढून चार-पांच स्वरांपर्यंतची मींड संथपणें घेतां येऊं लागली.

पण म्हणून वीणेचा खरा सूर हाच, असें मात्र नव्हे. त्यांचे समकालीन उस्ताद असद अली खाँ, ज्यांचें निधन २०११ सालीं झालें, हे भोपळा खांद्यावर घेऊन, नखीनें, जुन्या धाटणीनेंच वाजवीत. त्यांचा सूर धारदार व तेजस्वी होता. वाद्याचें नांव एक, पण ऐकणारा दोन आलाप ऐकून हा कोण व तो कोण हें तत्काळ ओळखतो. एकानें वाद्य बदललें म्हणून त्याला स्वतःचा सूर लाभला आणि दुसऱ्यानें बदललें नाहीं म्हणून तो हुकला, असें झालें नाहीं. दोघांनींहि आधीं कान घडविला होता. पुढें हाताला व वाद्याला त्या कानाच्या आज्ञेंत ठेविलें.

कान घडविणें म्हणजे नेमकें काय, हें एका स्वराच्या उदाहरणानें सांगतां येईल. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर पंचमाचीं ३६० होतात आणि शुद्ध गांधाराचीं ३००. हे स्वर षड्जाशीं असे मिळून जातात, कीं कोठें सांधा दिसत नाहीं. गिटारच्या पडद्यांची मांडणी मात्र निराळ्या हिशेबानें केलेली असते. कोणताहि स्वर षड्ज मानून वाजवितां यावें म्हणून तेथें सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. या वांटणींत पंचम ३५९.६ वर येतो. हा फरक कानाला जाणवतहि नाहीं. पण गांधार येतो जवळजवळ ३०२.४ वर, म्हणजे थोडा चढा. तंबोऱ्यासंगें तो वाजविला, तर दोन आवाजांच्या मध्यें एक बारीक थरथर उठते. ज्याचा कान निजलेला आहे, त्याला ती ऐकूंच येत नाहीं. ज्याचा जागा आहे, त्याला ती पायांतल्या खड्यासारखी टोंचते.

मग उपाय काय? तार ओढल्यानें स्वर चढतो, उतरत नाहीं. म्हणून चढा गांधार त्याच पडद्यावर खालीं आणतां येत नाहीं. परंतु मोकळी तार षड्जांत जुळवून तिच्या तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे कोमल गांधाराच्या जागीं, बोट ठेवावें आणि पोलादी तार हलकेच आडवी ओढीत न्यावी. सुमारें २८५ पासून स्वर चढत चढत ३०० वर पोंचतो, आणि तेथें पोंचतांच थरथर एकदम शांत होते. ती जागा कोणत्याहि पुस्तकांतल्या आंकड्यानें सांपडत नाहीं. ती कानानेंच शोधावी लागते. आणि शोधतां शोधतां असें ध्यानांत येतें, कीं तेथें कसें जावें, वाटेंत किती रेंगाळावें, पोंचल्यावर तार किती हळू सोडावी, हें प्रत्येकाचें वेगळें होतें. अक्षराला वळण येऊं लागतें तें येथूनच.

हें केवळ वीणेलाच साधतें असें नाहीं. जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनीं उस्ताद अली अकबर खाँ यांच्यापाशीं शिक्षण घेऊन गिटारवरच रागसंगीताचा आलाप उभा केला. गिटार मांडीवर आडवी ठेवून, पडद्यांवर बोट न दाबतां, तारेवरून धातूची कांडी सरकविण्याची हवाई बेटांतली पद्धत त्यांनीं स्वीकारली. या पद्धतींत पडद्यांचा आधारच सुटतो. कांडी केसभर पुढें गेली तरी स्वर बिघडतो, म्हणून सारी जबाबदारी कानावर येते. पंडित शिवकुमार शर्मा व पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर १९६७ सालीं निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंतली त्यांची गिटार ऐकली, तर हें परकें वाद्य आहे असें क्षणभरहि वाटत नाहीं.

याचा अर्थ अनुकरण वाईट, असा कोणी करूं नये. कित्त्याशिवाय अक्षर नाहीं. धृपदाच्या शिक्षणांतहि गुरु गातो आणि शिष्य तेंच पुन्हां गातो. मात्र तेथें शिष्य गुरूचीं बोटें पाहून नक्कल करीत नाहीं. गुरूचा सूर कानांत घेऊन तो आपल्या गळ्यांतून काढतो. म्हणूनच झिया मोहिउद्दीन यांच्या शिष्यांपैकीं ऋत्विक सान्याल गायक झाले, पुष्पराज कोष्टी यांनीं तेंच गाणें सुरबहारावर नेलें, आणि पुत्र बहाउद्दीन यांनीं आरंभीं सतार हातीं घेऊन पुढें वीणा धरली. गुरु एक, पण शिष्यांचीं वाद्यें व वळणें वेगळीं. बोटांची नक्कल असती, तर ती एका वाद्यावरून दुसऱ्यावर गेलीच नसती.

ज्या घरांत गिटार कपाटावर चढली असेल, तेथें ती खालीं काढून एक प्रयोग करण्यास हरकत नाहीं. तंबोऱ्याचा सूर आतां खिशांतल्या दूरध्वनीवरहि मिळतो. तो लावून शिकणाऱ्यानें पांच मिनिटें कांहीं न वाजवितां नुसतें ऐकावें. खर्जाची तार लक्षपूर्वक ऐकली, तर तिच्यांतून कोणी न छेडलेला गांधार आपोआप उमटतांना ऐकूं येतो. जाणते त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो ऐकूं आला तो दिवस शुभ समजावा. नंतर घरांत लहानपणापासून कानांवर पडलेली एखादी चाल घ्यावी. आजीची ओवी असो, आरती असो, वा किनाऱ्यावरचें कोळीगीत असो. ती प्रथम मोठ्यानें गावी. गळा गोड नसला तरी चालेल, स्वर मात्र खरा हवा. मग तीच एका तारेवर, आंकडे न पाहतां, शोधून काढावी. शेवटीं आपलें वाजविणें त्याच दूरध्वनीवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशीं परक्याच्या कानानें ऐकावें. पहिले आठ-पंधरा दिवस लाज वाटेल; ती लाज म्हणजे कान जागा झाल्याची खूण आहे.

आईबापांनींहि एक पथ्य पाळावें. पाहुण्यांपुढें "अमुक गाणें वाजवून दाखव" असा आग्रह धरूं नये. रोज पाटीभर नवीं अक्षरें काढणाऱ्या मुलापेक्षां एकच अक्षर घोटणारें मूल मागें पडल्यासारखें दिसतें; वळण मात्र त्याचेंच टिकतें.

झिया मोहिउद्दीन डागर १९९० सालीं निवर्तले. त्यांचे धाकटे बंधू, थोर गायक झिया फरिदुद्दीन, हेहि २०१३ सालीं गेले. पळस्प्याच्या फाट्यावर आज वाहनांची वर्दळ अखंड चालू असते. त्या गोंगाटापासून हाकेच्या अंतरावर ज्या माणसाचें गुरुकुल आहे, त्यानें आपल्या कानांतला सूर बाहेर काढण्यासाठीं वडिलांच्या वाद्याचे भोपळे बदलले, नखी उतरवून ठेविली आणि शिष्यांना आधीं गावयास लाविलें. गिटार शिकणाऱ्या मुलाला एवढें मोठें साहस करावें लागत नाहीं. त्याला फक्त बोटें घटकाभर थांबवून ऐकावयास शिकावें लागतें.