संस्थेचें दफ्तर व संगणकावरील दरोडे

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण आतां केवळ शेतकरी राहिलेले नाहींत. कोणी उत्पादक कंपनीचे संचालक आहेत, कोणी बी-बियाण्यांचें व खतांचें दुकान चालवितात, कोणाच्या ओसरीवर दूध-संकलन केंद्र आहे. या लहान धंद्यांचें दफ्तर अलीकडच्या वर्षांत वहीखात्यांतून निघून संगणकांत व मोबाइलांत जाऊन बसलें आहे. कोणत्या सभासदाचा किती माल आला, कोणाचें किती देणें आहे, उधारी कोठें थकली, हें सर्व एका यंत्रांत असतें. आणि तें यंत्र बहुधा चिटणिसांच्या टेबलावर, ज्यास गरज पडेल त्यानें उघडावें अशा स्थितींत असतें. त्यास धोका आहे असें कोणी सुचविलें, तर ‘आमच्याकडे चोरण्यासारखें आहे काय?’ हें उत्तर ठरलेलें. ही समजूत किती चुकीची आहे, हें दाखविण्यासाठीं आम्ही प्रथम अमेरिकेंतील एक हकीकत देतों. कारण ती ज्या संस्थेची आहे, ती आपल्या सहकारी संस्थांप्रमाणेंच सभासदांच्या मालकीची आहे.

आयोवा राज्यांत फोर्ट डॉज येथें ‘न्यू कोऑपरेटिव्ह’ नांवाची शेतकऱ्यांची संस्था आहे. सभासदांचें धान्य घेणें व साठविणें, जनावरांचें खाद्य पुरविणें, खतें विकणें हीं तिचीं कामें. सप्टेंबर २०२१ मध्यें, मका व सोयाबीन यांची काढणी तोंडावर आली असतां, ‘ब्लॅकमॅटर’ नांवाच्या टोळीनें तिच्या संगणकांवर घाला घातला. या टोळ्यांची रीत अशी कीं, आंत शिरून प्रथम कागदपत्रांची नक्कल पळवावयाची, आणि मग मूळ कागदपत्रें सांकेतिक अक्षरांत फिरवून ठेवावयाचीं. कागद जागच्या जागीं असतात, परंतु एक ओळ वाचतां येत नाहीं. वाचण्याची किल्ली टोळीजवळ. येथें त्या किल्लीची किंमत ५९ लक्ष डॉलर सांगण्यांत आली, व पैसे न मिळाल्यास पळविलेली माहिती जगजाहीर करूं अशी धमकीही देण्यांत आली. संस्थेनें आपली सर्व संगणक-यंत्रणा बंद केली आणि धान्य घेण्याचें व खाद्य पोंचविण्याचें काम आडमार्गानें कसेंबसें चालू ठेवलें. त्याच सुमारास मिनेसोटा राज्यांतील ‘क्रिस्टल व्हॅली’ या सहकारी संस्थेवरही असाच प्रसंग आला. गिऱ्हाइकांकडून कार्डावर पैसे घेणें तिला कांहीं काळ अशक्य झालें.

हे दोन अपघात म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास खात्यानें एप्रिल २०२२ मध्यें एक सूचनापत्र काढलें. त्यांत २०२१ च्या सुगीच्या दिवसांत सहा धान्य-सहकारी संस्थांवर व २०२२ च्या आरंभीं आणखी दोन ठिकाणीं घाले पडल्याचें नमूद आहे. पेरणीच्या व काढणीच्या वेळीं या संस्थांस क्षणाचीही सवड नसते, सबब त्या लवकर पैसे देतील, असा या टोळ्यांचा हिशेब असावा, असेंही त्या पत्रांत म्हटलें आहे.

आम्हांस यांतील मर्म वाटतें तें हेंच. तिजोरी लहान कीं मोठी हा प्रश्न दुय्यम आहे. थांबणें किती महाग पडतें, यावर चोराची कमाई ठरते. द्राक्षांची तोड चालू आहे आणि पेट्यांची नोंद उघडत नाहीं. दुधाच्या दहा दिवसांच्या पगाराची आदली रात्र आहे आणि फॅटचा व लिटरांचा हिशेब गेला आहे. ऐन मृगांत खताच्या गाड्या उभ्या आहेत आणि उधारीची यादी सांपडत नाहीं. अशा वेळीं सभासद दारांत जमले म्हणजे भला संचालकही खंडणी देऊन मोकळें होऊं असें म्हणूं लागेल. आणि खंडणी देऊनही किल्ली मिळेल याची हमी कोण देणार? दरोडेखोराचा शब्द तो!

चोर आंत येतात ते बहुधा उघड्या दारानेंच. न्यू कोऑपरेटिव्हच्या नोकरांचे पूर्वीं बाहेर फुटलेले पासवर्ड कांहीं संशोधकांनीं तपासले, तेव्हां ‘चिकन१’ हा एकच शब्द कित्येकांनीं वापरलेला आढळला. त्याच वाटेनें टोळी शिरली असें सिद्ध झालेलें नाहीं; पण कोंबड्यांच्या खाद्याचा व्यापार करणाऱ्या संस्थेंत हा शब्द ओळखण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं. आपल्याकडे गांवाचें नांव व पुढें १२३, किंवा अध्यक्षांचा मोबाइल क्रमांक, असा प्रकार सर्रास चालतो. प्रत्येक खात्यास निराळा व लांब पासवर्ड, आणि ई-मेल व बँक यांस मोबाइलवरील दुसरी खूण, एवढें केलें तरी बरींच दारें बंद होतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत वापरण्याचा मोहही टाळावा. तींत काय मिसळलें आहे हें विकणाऱ्यासही ठाऊक नसतें. विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्टनें दिलेला सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हेंही जुनीं यंत्रें वापरणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

कित्येकदां आपली चूक नसतांही फटका बसतो. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेंत असाच खंडणीचा घाला पडला. ही कंपनी सहकारी व ग्रामीण बँकांस संगणक-सेवा पुरविते. धोका पसरूं नये म्हणून तिला देशाच्या देवघेव-व्यवस्थेपासून तात्पुरतें तोडावें लागलें, व सुमारें ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशीं, १ ऑगस्ट रोजीं, सेवा पूर्ववत् झाली. तथापि मजुरीच्या दिवशीं सर्व पैसा एकाच खात्यांत असणाऱ्यानें काय करावें, याचा विचार प्रत्येक संस्थेनें आधींच करून ठेवावा हें उत्तम.

दुसरा एक प्रकार यंत्रास हातही न लावतां होतो. ठिबकच्या नळ्या पुरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या नांवानें ई-मेल येतो, ‘आमचें बँक खातें बदललें आहे, यापुढें रक्कम नव्या खात्यांत भरावी.’ अक्षर तेंच, शिक्का तोच. अशा वेळीं त्या पत्रांतील क्रमांकावर फोन न करितां आपल्या जुन्या वहींतील क्रमांकावर करून विचारावें. पीएम-किसानच्या नांवानें व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एपीके फाइली तर मोबाइलांत घेऊंच नयेत. ज्या मोबाइलावर संस्थेचे ओटीपी येतात त्यांत तर मुळींच नाहीं.

सर्वांत मोठा उपाय मात्र जुनाच आहे. बियाण्याचें धान्य आपण खाण्याच्या कणगींत ठेवीत नाहीं. हिशेबाची नक्कलही त्याच न्यायानें वेगळी ठेवावी. कांहीं हजार रुपयांत दोन बाह्य हार्ड डिस्क मिळतात. आठवड्यांतून एकदां, हंगामांत रोज, आलटून पालटून त्यांवर सर्व दफ्तर उतरवावें आणि काम होतांच डिस्क यंत्रापासून सोडवून दुसऱ्या घरीं ठेवावी. यंत्रास जोडून ठेवलेली डिस्क यंत्राबरोबरच कुलूपबंद होते. ही चूक फार ठिकाणीं होते. तीन महिन्यांनीं एकदां त्या नकलेवरून हिशेब पुन्हां उघडतो कीं नाहीं, हेंही दुसऱ्या यंत्रावर पाहावें. हंगामांत सभासदांच्या येणें-देण्याची छापील यादी कपाटांत असावी, असाही आमचा आग्रह आहे. कागदास हंसणारे हंसोत.

एवढें करूनही घाला पडला, तर यंत्र लागलीच इंटरनेटपासून व शेजारच्या यंत्रांपासून तोडावें. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस त्याच घटकेस कळवावें. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं तक्रार पोंचली तर ती अडविली जाण्याचा संभव असतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणें कंपन्यांनीं असे घाले लक्षांत आल्यापासून ६ तासांच्या आंत तिला कळवावयाचे आहेत. आणि उत्पादक कंपनी ही कायद्यानें कंपनीच असल्यामुळें हें काम कोणी करावयाचें, त्याचें नांव संचालक मंडळाच्या ठरावांत आधींच लिहून ठेवावें.