जाहिरात जीव वाचवते. तीच अर्धी कापली तर जीव घेते

वसई (प्रतिनिधी) : विरार लोकलनं रोज ये-जा करणाऱ्याला "रूळ ओलांडू नका" ही पाटी पाठ असते. त्याच पाटीखालून माणसं रूळ ओलांडतात. गावाकडे आलात तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर "पाणी अडवा, पाणी जिरवा", शाळेच्या कुंपणावर "मुलगी शिकली, प्रगती झाली" अशी अक्षरं दिसतात. दर दोन-चार वर्षांनी चुना लागतो, नवीन घोषणा येते, जुनी खाली जाते. आपण बघतो आणि पुढे जातो.

पण सगळेच संदेश असे वाया गेलेले नाहीत. काही जाहिरातींनी देशातल्या कोट्यवधी आयांना कडेवर मूल घेऊन रांगेत उभं केलं. आणि काही संदेशांनी, आपल्याच पालघर जिल्ह्यात, माणसं मारायला जमाव गोळा केला. फरक कुठे पडतो, हे समजून घेणं आता गरजेचं आहे. कारण पूर्वी भिंत सरकारची होती, टीव्ही कंपन्यांचा होता. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, म्हणजे संदेश पसरवायचं काम आपणही रोज करतो.

दोन थेंबांनी काय केलं

पल्स पोलिओ मोहीम देशभर 1995 साली सुरू झाली. "दो बूंद जिंदगी की" हे वाक्य लहानथोरांच्या तोंडी बसलं. तरी काम सोपं नव्हतं. 2002 साली देशात पोलिओचे दीड हजारांहून जास्त रुग्ण निघाले, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशात. तिकडे अफवा होती की या थेंबांमुळे पुढे मुलं होत नाहीत. लोक दार लावून घ्यायचे.

अमिताभ बच्चन टीव्हीवर आधी गोड बोलून सांगत होते. नंतरच्या जाहिरातींत ते चिडून बोलले. घरातला वडीलधारा माणूस पोरांवर ओरडतो, तसं. या जाहिरातींमागे पीयूष पांडे यांचं डोकं होतं. बच्चनसाहेब रागावले म्हणून आम्ही आलो, असं बूथवर आलेल्या बायका सांगत, ही गोष्ट पुढे जाहिरातवाल्यांमध्ये प्रसिद्ध झाली.

पण नुसत्या बच्चनच्या रागानं पोलिओ गेला नाही. जाहिरात संपली की रविवारी बूथ घराजवळ हजर असायचा. शाळेत, अंगणवाडीत, एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर. थेंब पाजले की मुलाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण. नंतर घरोघरी फिरणारं पथक दारावर खडूनं खूण करायचं. कुठलं मूल राहिलं ते कळायचं आणि पथक पुन्हा यायचं. ज्या वस्त्यांत अफवा होती, तिथं त्याच वस्तीतली बाई, तिथलेच धर्मगुरू, तिथलाच डॉक्टर समजवायला उभा केला.

13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात एका मुलीला पोलिओ झाल्याची नोंद झाली. तो देशातला वाइल्ड पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला. 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

यात तीन गोष्टी एकत्र आल्या. सांगणारा विश्वासाचा होता. करायचं काम एकच आणि सोपं होतं: रविवारी मूल घेऊन या. आणि ते काम करण्याची सोय चालत जाण्याच्या अंतरावर होती. या तिघांतली एक जरी काढली तरी जाहिरात भिंतीवरच राहते.

लाल त्रिकोण आणि जबरदस्ती

उलटं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण जुन्या लोकांना आठवत असेल. आरोग्य उपकेंद्रावर, एसटीच्या मागे, भिंतींवर तो त्रिकोण आणि हसरी चार तोंडं असायची. वाचता न येणाऱ्यालाही त्याचा अर्थ कळायचा. जाहिरात म्हणून ते फार चांगलं काम होतं. खेडोपाडी पोचण्यासाठी हत्तीवर सुद्धा त्रिकोण रंगवून फिरवला गेला.

मग 1975 ते 1977 ची आणीबाणी आली. समजावणं मागे पडलं आणि आकडे गाठणं सुरू झालं. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. अनेक ठिकाणी माणसं जबरदस्तीनं धरून नेली. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या महाराष्ट्र विधिमंडळानंही 1976 साली मंजूर केलं होतं. ते अमलात आलं नाही एवढंच. 1977 च्या निवडणुकीत लोकांनी सरकार पाडलं. पुढे खात्याचं नावही बदलून "कुटुंब कल्याण" करावं लागलं.

चित्र तेच, वाक्य तेच. पण सांगणाऱ्यावरचा विश्वास गेल्यावर आरोग्य खात्याचा माणूस दिसला की लोक रानात पळायला लागले.

गाडगेबाबांचा खराटा

आपल्या महाराष्ट्रात संदेश कसा द्यावा हे शिकायला जाहिरात कंपनीकडे जायची गरज नाही. गाडगेबाबा गावात यायचे ते हातात खराटा घेऊन. आधी दिवसभर गाव झाडायचे. लोकांना वाटायचं, हा कोण वेडा? संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहायचा आणि लोकांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारायचा. उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचा. सकाळी स्वतः केलेलं काम हीच त्यांची जाहिरात होती.

म्हणून 2000 साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना राज्यात स्वच्छतेची मोहीम काढली, तिला संत गाडगेबाबांचं नाव दिलं. त्यात युक्ती अशी होती की सरकारनं आधी पैसे वाटायचे नाहीत. गावानं श्रमदानानं गाव स्वच्छ करायचं, समिती येऊन बघणार, जिंकलं तर बक्षीस. गावागावांत चढाओढ लागली. शेजारच्या गावाला बक्षीस आणि आपल्याला नाही, हे कुणालाच सोसत नाही.

पुढे हगणदारीमुक्तीसाठी पहाटे फिरणारी गुड मॉर्निंग पथकं आली. काही ठिकाणी त्यांनी उघड्यावर बसणाऱ्याला गुलाबाचं फूल दिलं. लोक हसले, लाजले, काहींनी शौचालय बांधलं. पण जिथं पाणीच नव्हतं तिथं काय झालं, तेही आपण बघितलंय. शौचालयात लाकडं आणि गोवऱ्या भरल्या. मोखाडा-जव्हारकडच्या ज्या बाईला उन्हाळ्यात एका हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो, तिला शौचालयाची जाहिरात दाखवून तिचा दोष काढता येत नाही.

स्टेशनवरचा यमराज

आता परत रेल्वेकडे येऊ, कारण हा आपल्या रोजच्या जिवाचा विषय आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये पश्चिम रेल्वेनं एका माणसाला यमराजाच्या वेशात मुंबईतल्या स्टेशनांवर उभं केलं. रूळ ओलांडणाऱ्याला तो खांद्यावर उचलून बाजूला न्यायचा. फोटो सगळीकडे फिरले. यमराज कोण हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून लोकांच्या लक्षात राहिलं.

त्याआधी, 2009 च्या शेवटी, हार्बर लाइनवर वडाळ्याजवळ वेगळा प्रयोग झाला होता. फायनल माइल नावाच्या कंपनीनं आधी लोक मरतात कसे ते पाहिलं. माणूस गाडी बघतो, पण तिच्या वेगाचा अंदाज चुकतो. म्हणून रुळाखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते किती भराभर गिळते ते दिसेल. लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्यायला सांगितल्या, कारण तुटक आवाजानं माणूस दचकतो. आणि गाडीखाली सापडण्याच्या क्षणी माणसाचा चेहरा कसा होतो, त्याचे मोठे फोटो लोक ओलांडतात तिथंच लावले. नियम नाही, दंड नाही, नुसता चेहरा. पुढच्या काही महिन्यांत तिथले मृत्यू बरेच घटले, अशा बातम्या आल्या.

फोटो स्टेशन मास्तरच्या ऑफिसात लावला असता तर उपयोग शून्य होता. पाय उचलायच्या जागी लावला, म्हणून उपयोग झाला. तरीही डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईला पुलाच्या पायऱ्या चढवत नसतील, तर तिच्यासाठी सरकता जिना हाच खरा संदेश आहे.

कराचीची जाहिरात आणि राईनपाडा

आता या सगळ्याची काळी बाजू. 2016 साली पाकिस्तानात कराचीच्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेसाठी एक जाहिरात बनली. गल्लीत मुलं खेळतायत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. थोड्या वेळानं तेच परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात. अर्थ असा की मूल पळवायला क्षणभर पुरतो, म्हणून मुलांवर लक्ष ठेवा. चांगल्या हेतूची, चांगली जाहिरात.

2018 मध्ये कुणीतरी तिचा शेवट कापला. मूल परत ठेवणं गेलं, फलक गेला. उरलं फक्त मूल उचलून नेणं. हा तुकडा भारतात व्हॉट्सअॅपवर "मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे" असं लिहून फिरला. अशा व्हिडिओंचं आणि मेसेजचं तेव्हा देशभर पीक आलं होतं. त्याच दिवसांत, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडचे लोक होते.

आणि आपला जिल्हा? एप्रिल 2020, लॉकडाऊन. चोर फिरतात, मुलं पळवतात, असे मेसेज डहाणू-विक्रमगड भागात फोनवरून फिरत होते. पाड्यांवर रात्री पहारे सुरू झाले. 16 एप्रिलच्या रात्री गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, असे तिघे जमावाच्या हातून गेले. शंभराहून जास्त लोकांना अटक झाली. तिकडे तीन घरं उजाड झाली, इकडे कितीतरी पाड्यांवरची कमावती माणसं तुरुंगात गेली.

नीट बघा, अफवेतही पोलिओच्याच तीन गोष्टी होत्या. सांगणारा विश्वासातला: मेव्हणा, मामा, गावचा ग्रुप. काम सोपं: अनोळखी दिसला की अडवा. सोय हाताशी: काठी आणि शेजारी. नव्हतं ते एकच, खरेपणा. आणि कराचीच्या जाहिरातीतून जे कापलं गेलं ते नेमकं "आता काय करायचं" हे सांगणारं टोक होतं. भीती दाखवून थांबलेला संदेश पुढचं काम ऐकणाऱ्याच्या रागावर सोडतो.

गावात संदेश द्यायचा असेल तर

ग्रामपंचायत, मंडळ, बचत गट, शाळा, कुणीही असो, भिंत रंगवण्याआधी एवढं ठरवा:

1. काम एकच सांगा. "आरोग्य जपा" म्हणजे काहीच नाही. "मंगळवारी सकाळी 10 वाजता उपकेंद्रात लस" म्हणजे काहीतरी.
2. आधी सोय, मग घोषणा. कचरा वेगळा करा म्हणायचं तर दोन गाड्या किंवा दोन डबे पाहिजेत. लोक वेगळा करतात आणि गाडीवाला एकत्र ओततो, असं एकदा दिसलं की पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही.
3. बोली आपली ठेवा. वसईत वाडवळी, कादोडी, पाड्यांवर वारली. पुस्तकी वाक्यापेक्षा आशाताईनं दारात बोललेलं जास्त पोचतं. वाचता न येणाऱ्यासाठी वारली चित्रासारखी दुसरी पाटी नाही.
4. जागा बरोबर निवडा. बुडण्याची सूचना तळ्याच्या काठावर, गाडी हळू चालवण्याची सूचना वळणाच्या आधी.

आणि फॉरवर्ड करण्याआधी

मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो खूप हातांतून फिरून आलाय असं समजा. गावाचं नाव, तारीख नसेल तर थांबा. व्हिडिओ एकदम तुटल्यासारखा वाटला तर पुढचं कुणी कापलंय का, ते विचारा. संशय आलाच तर पोलीस पाटलांना सांगा किंवा 112 ला फोन करा. मुलांबाबत मदत हवी असेल तर 1098 आहे. अनोळखी माणसाला अडवून मारणं हे कुणाचंच काम नाही.

ज्या मेसेजमध्ये फक्त भीती आहे आणि काय करायचं ते लिहिलेलं नाही, तो पुढे ढकलू नका. मामानं पाठवला असला तरी. मामालाच फोन करून विचारा, तुला कुणी पाठवला? दोन-तीन फोनांत बहुतेक वेळा कळतं की पाहिलेलं कुणीच नाही.