मोडीतून वाचलेलं

पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्तेच अडकित्ते आहेत. एकटा अडकित्ता पाहून माणूस पुढे सरकतो; ओळीने मांडलेले दिसले की थबकतो. काम सगळ्यांचं एकच, सुपारी कातरण्याचं. खिळीवर फिरणाऱ्या दोन दांड्या आणि एक पातं, एवढीच सामग्री. पण कुणी त्यातून घोडा काढला, कुणी पोपट, कुणी स्त्री-पुरुषाची जोडी. पात्याला धार हवी, तिथे कारागिराचं काही चालत नाही. त्याची सगळी हौस दांड्यांवर फिटते. हे एका नगावरून कळत नाही, शेजारी दुसरा-तिसरा लागतो. म्हणून या संग्रहालयाचं मोल एखाद्या दुर्मीळ चिजेपेक्षा या गर्दीत जास्त आहे, असं मला वाटतं.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा घरचा धंदा चष्म्यांचा. कविता ते ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. पुराणवस्तू म्हणजे मूर्ती, नाणी, ताम्रपट अशी समजूत असताना ते दिवे, कुलपं, दौती, स्वयंपाकघरातली भांडी घरी आणत होते. अशा पितळेला बाजारात मोडीचाच भाव. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलेला हा संग्रह १९७५ साली त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला. आज त्यात वीस हजारांवर वस्तू आहेत.

अशा संग्रहावर आक्षेप असा, की घरातून उपटलेली वस्तू निम्मी मरते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग इथे आणून उभारले आहेत, त्यांच्याबाबत मला तो मान्य आहे. वास्तूला तिची जागा लागतेच. अडकित्त्याचं तसं नाही. पानाचा डबाच घरातून गेला, तेव्हा अडकित्त्यापुढे काच किंवा भट्टी एवढेच रस्ते उरले होते. संग्राहकांच्या हौसेनेच वाड्यांचे खांब-दरवाजे विकाऊ झाले, हेही खोटं नाही. पण पुराणवस्तूंच्या बाजारात देखणं तेवढंच खपतं, साधी झिजलेली पळी कोण मांडणार? १९७२चा पुराणवस्तू कायदा शंभर वर्षांच्या वस्तूला देशाबाहेर जाऊ देत नाही. मोडीत निघालेला तांब्या अडवायला मात्र कुणी उभं नसतं.

आक्षेपाचा एक तुकडा तरीही उरतो. पाय घासायच्या वज्रीच्या पोटात कारागीर खडे घालत, हात फिरला की ती वाजावी म्हणून. काचेआड ती गप्प असते.