‘अनिता’ने केलेली निराशा

मलकापुरात आंबा घाटाकडून पाऊस उतरला, की जुने रहस्यपट पाहण्याचे आम्हां शौकिनांचे व्यसन बळावते. त्या निमित्ताने राज खोसला यांच्याविषयी ही कैफियत. ‘वह कौन थी’ (१९६४) देणाऱ्या या दिग्दर्शकाने राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून १९६६ साली ‘मेरा साया’ काढला, आणि ज्या पत्नीला आपण अग्नी दिला तिच्याच मुखाची आरोपी भर न्यायालयात ‘मीच ती’ म्हणत असता नामांकित वकिलाने तिची उलटतपासणी घ्यावी, हा मूळ मराठी पेच जाणतेपणाने जपला. पत्नीखेरीज कोणास ठाऊक नसलेल्या गोष्टी ती सांगत जाते, तसतसा वकिलाचा निश्चय डळमळतो. परंतु १९६७च्या ‘अनिता’त, साधना आणि मनोजकुमार ही ‘वह कौन थी’चीच जोडी पुन्हा हाताशी असूनही, रहस्याऐवजी त्याचा नुसता सरंजाम उभा राहिला: मृत म्हणून जाहीर झालेली नायिका वारंवार दृष्टीस पडते, प्रेक्षक पुराव्याविना तिष्ठत राहतो, आणि अखेरचा उलगडा घाईने उरकलेल्या पंचनाम्यासारखा भासतो. मदनमोहन यांच्या जागी आलेल्या लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांस दोष देणे मात्र अन्यायाचे. गाणी बरी आहेत. ‘पाठलाग’ अद्याप न पाहिलेल्यांनी आधी तोच पाहावा.