पुढचं किट कोणत्या विमानाचं?

१९६० साली जपानमधल्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीनं आपलं पहिलं प्लास्टिक मॉडेल बाजारात आणलं: यामाटो ही युद्धनौका, १/८०० स्केलमध्ये. टामियाचा मूळ धंदा लाकडाचा. १९४६ मध्ये सुरू झालेली ही मंडळी पुढे लाकडी मॉडेलांकडे वळली होती. परदेशी प्लास्टिक किट्स येऊ लागली तशी लाकडाची मागणी आटली, म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून साचा करून घेतला. नेमक्या त्याच सुमारास एका प्रतिस्पर्ध्यानंही यामाटोच आणली, आणि तीही स्वस्तात. टामियाची यामाटो मागे पडली. कंपनी सावरली ती नंतर आलेल्या पँथर रणगाड्याच्या किटवर.

मॉडेल कंपन्या पुढच्या किटबद्दल ताकास तूर का लागू देत नाहीत, याचं उत्तर या गोष्टीत आहे. पोलादाचा साचा एकदा कापला की तो दुसऱ्या विमानाचा करता येत नाही. त्यात ओतलेला पैसा सुटायचा तर तेच विमान त्याच मोसमात दुसऱ्या कुणी आणता कामा नये. म्हणून जाहीर करण्याचा दिवस शक्य तितका लांबवायचा. जानेवारीच्या अखेरीस न्यूरेंबर्गचं खेळण्यांचं प्रदर्शन, मे महिन्यात शिझुओकाचा हॉबी शो, नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या टेलफर्डचा मेळावा, हे जाहीर करण्याचे मुक्काम. त्यांच्या मधले महिने जगभरचे छांदिष्ट अंदाज बांधण्यात घालवतात. हा छंद मला मॉडेल जोडण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. चांगला अंदाज हा अभ्यासच असतो, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा हाती असलेल्या प्लास्टिकमध्येच सापडतो.

ही चर्चा रंगते ती मोठ्या स्केलमध्ये. १/७२ मध्ये वर्षभर नवी विमानं येतच असतात. एखादं हुकलं तरी फारसं बिघडत नाही. १/३२ आणि १/२४ ची गोष्ट वेगळी. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा सव्वाअकरा मीटरच्या आसपास. १/३२ मध्ये तो ३५ सेंटिमीटर होतो, १/२४ मध्ये ४७. चार इंजिनांचं बी-१७ बॉम्बर १/३२ मध्ये जवळजवळ एक मीटर रुंद होतं. हाँगकाँगच्या एचके मॉडेल्सनं ते खरंच काढलं आणि लोकांनी घरात जागा करून ते घेतलंही. एवढ्या आकारात इंजिनाच्या नळ्या, कॉकपिटमधले खटके, चाकांच्या खोबणीतले पाइप, सगळं दाखवावं लागतं. भाग वाढतात, साचे वाढतात, किंमत वाढते. त्यामुळे मोठ्या स्केलमध्ये नवं विमान हा कंपनीच्या दृष्टीनं मोठा डाव असतो आणि घेणाऱ्याच्या दृष्टीनं कित्येक महिन्यांचा बेत.

अंदाजाची सुरुवात बॉक्स उघडल्यावर होते. किटचे भाग सुटे येत नाहीत, ते प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले असतात. या चौकटींना स्प्रू म्हणतात आणि प्रत्येक स्प्रूला अक्षर असतं. जाणकार माणूस सूचनापत्रिका उघडण्याआधी स्प्रू वाचतो. एखादा भाग चौकटीत आहे, पण पत्रिकेत त्यावर ‘वापरू नये’ अशी खूण आहे. मग तो कशासाठी घातला? विमानाचं शेपूट धडापासून वेगळं का कापलंय? नाकाचा भाग स्वतंत्र स्प्रूवर का? अक्षरांच्या क्रमात मधलंच एखादं अक्षर का गाळलं? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं: याच साच्यांवर या विमानाचा आणखी एखादा प्रकार येणार आहे.

टामियाची १/३२ स्पिटफायर हे याचं उत्तम उदाहरण. २००९ मध्ये मार्क नऊ आली. इंजिनावरचे पत्रे लहानशा चुंबकांनी बसतात, काढले की आत अख्खं मर्लिन इंजिन दिसतं. बारकाईनं पाहणाऱ्यांनी मात्र चुंबकांपेक्षा भागांची वाटणी पाहिली. मार्क नऊच्या जवळचे स्पिटफायरचे प्रकार मुख्यतः पंखांची टोकं, रडर, शेपटाचं चाक आणि कॉकपिटचं झाकण यांत बदलतात, आणि नेमके हेच भाग बदलता येतील अशी साच्यांची आखणी होती. २०१० मध्ये मार्क आठ आली: लांब टोकांचे पंख, आत घेता येणारं मागचं चाक. त्यानंतर मार्क सोळा आली, छाटलेल्या पंखांची आणि बुडबुड्यासारख्या झाकणाची. अंदाज बांधणाऱ्यांना या दोन्हींचं नवल वाटलं नाही. कॉर्सेअरचंही तेच झालं. २०१३ च्या किटमध्ये जुनं, पट्ट्यापट्ट्यांचं झाकण होतं. वर्षभरात उंचावलेल्या झाकणाचा प्रकार आला आणि पुढे बॉम्ब वाहणारा.

मार्क आठ आली तेव्हा आपल्याकडच्या काही छांदिष्टांना विशेष आनंद झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वैमानिक ज्या स्पिटफायर उडवत होते, त्या याच जातीच्या.

प्रकारांचा अंदाज असा बराचसा जमतो. अडचण येते ती पूर्ण नव्या विमानाच्या बाबतीत, कारण तिथे वाचायला स्प्रू नसतो. टामियानं २००९ ते २०१५ या काळात १/३२ मध्ये स्पिटफायर, मस्टँग, कॉर्सेअर आणि मॉस्किटो अशी एकामागून एक विमानं दिली. मॉस्किटोनंतर मात्र दहा वर्षं लोटली तरी या स्केलमध्ये नवं विमान आलं नाही. अंदाजांची यादी लांबतच गेली: पी-३८ लाइटनिंग, पी-४७ थंडरबोल्ट, मेसरश्मिट १०९, फोके-वुल्फ १९०. यांपैकी पी-३८ च्या बाजूनं सर्वांत सबळ युक्तिवाद होता. २०१९ मध्ये टामियानं तेच विमान १/४८ मध्ये काढलं, म्हणजे मोजमापं, नकाशे, छायाचित्रं सगळं हाताशी होतं. टामियाची मोजमापाबद्दलची शिस्त प्रसिद्ध आहे. सत्तरच्या दशकात मोठ्या स्केलच्या पोर्शे मॉडेलसाठी त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती. पण याच युक्तिवादाची दुसरी बाजू अशी की १/४८ चं किट इतकं चांगलं असेल तर त्याचा ग्राहक १/३२ कडे वळेलच असं नाही. मला हा दुसरा मुद्दा जास्त पटतो. कंपनी स्वतःच्याच यशाशी स्पर्धा करायला कचरते, आणि गेल्या दशकातली टामियाची १/४८ विमानं पाहता त्यांनी आपला जीव कुठे ओतलाय ते स्पष्ट दिसतं.

कंपनीनं स्वतः जाहीर केलेलं किटही हाती पडेलच याची खात्री नसते, हे न्यूझीलंडच्या विंगनट विंग्जनं दाखवलं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांची ही कंपनी. २००९ पासून ती फक्त १/३२ मधली, पहिल्या महायुद्धातली विमानं काढत होती, आणि तिच्या सूचनापत्रिका मुळातच जपून ठेवाव्यात अशा असत. मग तिनं एकदम दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बर जाहीर केलं. अंदाज बांधणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या यादीत ते असेल. त्यातच एचके मॉडेल्सचं १/३२ लँकेस्टर २०१८ च्या सुमारास बाजारात आलेलं होतं. एक मीटरच्या आसपास रुंदीचं एकच बॉम्बर, एकाच स्केलमध्ये, दोन कंपन्यांकडून! यामाटोच्या वेळी जे घडलं तेच साठ वर्षांनी पुन्हा घडत होतं.

२०२० मध्ये विंगनट विंग्ज बंद पडली. छांदिष्टांना हा धक्का घरचं माणूस गेल्यासारखा बसला, आणि पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला: साच्यांचं काय? इथे अंदाज बांधणाऱ्यांचा खरा कस लागला. पोलादाचे साचे कुणी भंगारात घालत नाही, ते विकले जातात, हे त्यांना ठाऊक होतं. एअरफिक्स १९८१ मध्ये बुडाली तेव्हाही तिचे साचे हातोहाती फिरत राहिले आणि शेवटी २००६ मध्ये हॉर्नबीकडे आले. विंगनटच्या बाबतीतही तसंच झालं. फोकर ट्रायप्लेन चीनच्या मेंग कंपनीच्या बॉक्समधून आलं, लँकेस्टर चीनच्याच बॉर्डर मॉडेलकडून. आणि विंगनटमधली काही जुनी माणसं एकत्र येऊन २०२२ मध्ये कोटारे नावानं नवी कंपनी घेऊन आली. तिचं पहिलं किट होतं १/३२ स्पिटफायर मार्क एक. त्या माणसांनी पहिल्या महायुद्धातली विमानं सोडून स्पिटफायर का निवडली, हे समजायला अवघड नाही. नव्या कंपनीला पहिल्याच किटवर उभं राहायचं असतं, आणि स्पिटफायर जगात कुठेही खपते.

खपाचा हा नियम अंदाज बांधताना सर्वाधिक विसरला जातो. आपल्याला आवडणारं विमान आणि लाखो लोक विकत घेतील ते विमान यांत अंतर असतं. एअरफिक्सचा १/२४ चा इतिहास पाहा. १९७० मध्ये स्पिटफायर, मग सत्तरच्या दशकात मेसरश्मिट १०९, मस्टँग, हरिकेन, हॅरियर, स्टुका. सगळी शाळकरी मुलालाही नावानं ठाऊक असलेली विमानं. मग प्रदीर्घ खंड. २००९ मध्ये सहाशेहून अधिक भागांचा मॉस्किटो आला, २०१४ मध्ये टायफून, २०१९ मध्ये हेलकॅट. पाच-पाच वर्षांची ही चाल पाहून अनेकांनी पुढच्या विमानासाठी २०२४ चा हिशेब मांडला असता. आली २०२२ मध्ये, आणि तीही पुन्हा स्पिटफायरच, या वेळी मार्क नऊ. पाव शतक बॉम्बरची वाट पाहणारे हिरमुसले असतील. पण १९७० च्या स्पिटफायरवर वाढलेल्या माणसाच्या हाती आज निवृत्तीचा पैसा आणि वेळ दोन्ही आहे, हे एअरफिक्सला पक्कं ठाऊक आहे.

आपल्याकडे या चर्चेत एक विमान हटकून निघतं: सुखोई-३० एमकेआय. १९९७ च्या जूनमध्ये सुखोई-३० पुण्याच्या लोहगावला हवाई दलात दाखल झालं, २००२ मध्ये एमकेआयही तिथेच. २००४ पासून ती नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात तयार होऊ लागली, जिथे त्याआधी कित्येक वर्षं मिग-२१ बनत होती. नाशिक-पुण्यात वाढलेल्या मुलांनी ही विमानं पुस्तकात पाहण्याआधी डोक्यावरून जाताना ऐकलीत. १/३२ मध्ये हे विमान ६८ सेंटिमीटर लांब होतं. चीनच्या ट्रम्पेटरचं सुखोई-३० या स्केलमध्ये आहे, पण ते चिनी हवाई दलाचं एमकेके. बॉक्स उघडला की फरक लगेच दिसतो. एमकेआयला कॉकपिटच्या मागे दोन्ही बाजूंना असणारे छोटे पुढचे पंख इथे नाहीत. उभी शेपटं उंच आणि वरून सपाट आहेत. इंजिनांच्या नळकांड्या सरळ आहेत. एमकेआयच्या वळतात, त्यांचे सांधेही वेगळे.

धड, मुख्य पंख, चाकं, इंजिनांचे हवा घेणारे बोगदे यांचा बराचसा भाग मात्र सारखाच आहे. स्प्रू वाचण्याची सवय असलेल्या माणसाला यातून हिशेब मांडता येतो: पुढचे पंख आणि त्यांच्या मुळाशी रुंदावलेला पंखाचा भाग, दोन शेपटं, दोन नळकांड्या, कॉकपिटमधले बदललेले पडदे आणि भारतीय तिरंगी गोलांचे डीकॅल्स, म्हणजे चिकटवायची चित्रं. धडाचा वरचा भाग पुढच्या पंखांपाशी वेगळा कापावा लागेल, आणि खर्च खरा तिथेच येईल. मलेशिया आणि अल्जीरियाही याच कुळातली, पुढच्या पंखांची सुखोई-३० उडवतात. म्हणजे एकाच जादा साच्यावर तीन देशांचे बॉक्स निघू शकतात.