मिठाने राखलेला बर्फ
(बर्फावरची फळी : लेखांक ९)

वळण घेताना स्नोबोर्डाची कड बर्फात कशी रुतते, ते मागच्या लेखांकात पाहिलं. एप्रिल सरला की नेमकी हीच कड दगा देते. डोंगरावर बर्फ असतो, पण ओला, भुसभुशीत आणि बोर्डाच्या तळाला चिकटणारा. उन्हाळ्यातही बोर्डिंग चालू ठेवायचं असेल तर कड धरून ठेवणारा बर्फ शोधत जावं लागतं, नाहीतर असलेला बर्फ राखावा लागतो.

राखण्याची ही कला पाहायची असेल तर अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जावं. तिथला माउंट हूड हा ३,४२९ मीटर उंचीचा ज्वालामुखी. त्याच्या दक्षिण उतारावर टिंबरलाइन लॉज आहे. १९३० च्या दशकातल्या महामंदीत सरकारी रोजगार योजनेतून ते उभं राहिलं. (स्टॅनली कुब्रिकच्या 'द शायनिंग' या चित्रपटात बाहेरून दिसणारं हॉटेल हेच.) लॉजच्या वर पामर हिमक्षेत्र पसरलेलं आहे आणि तिथली लिफ्ट सुमारे २,६०० मीटरपर्यंत नेते. उन्हाळ्यात इथे बोर्डिंगची शिबिरं भरतात. त्यातलं 'हाय कॅस्केड' १९८९ पासूनचं.

उतार यंत्रांनी सारखा करून ठेवलेला असतो. सकाळी लिफ्ट सुरू होते आणि ऊन तापू लागलं की बर्फावर मीठ पसरतात. ऐकताना हे उलटं वाटतं, कारण थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणूनच मीठ टाकतात. इथेही मिठाचा कण जिथे पडतो तिथला बर्फ वितळतोच, कारण खारं पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही. पण वितळायला उष्णता लागते. ती शेजारच्या बर्फातून आणि कणांमधल्या पाण्यातून ओढली जाते. मग ते पाणी गोठतं आणि सुटे झालेले कण एकमेकांना जखडून टाकतं. पॉटचं आइस्क्रीम करताना डब्याभोवतीच्या बर्फात आपण खडे मीठ घालतो, त्यामागचं कारण हेच.

म्हणूनच बर्फ ओला असेल तरच मीठ लागू पडतं, कोरड्यावर ते वाया जातं. बारीक मीठ चटकन काम करतं आणि चटकन संपतं. जाडं मीठ खोल उतरतं, जास्त वेळ पुरतं. रात्री आभाळ निरभ्र असलं तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि सकाळी पृष्ठभाग टणक मिळतो. ढग असले की काम अवघड. हे सगळं पाहून मिठाचा अंदाज बांधणारी माणसं मला या खेळातली फार मोठी कारागीर वाटतात. मीठ अखेर पाण्याबरोबर खाली जातं, हेही विसरून चालणार नाही. सॅमन नदीचा उगम याच हिमक्षेत्रात आहे, त्यामुळे खालच्या पाण्यातल्या क्षारांवर नजर ठेवावीच लागते.

अशा ठिकाणी जाणाऱ्याने पहिली लिफ्ट गाठावी आणि दुपारी बोर्ड आवरावा. उबदार हवेसाठीचं वॅक्स लावावं, नाहीतर ओल्या बर्फावर बोर्ड एकदम अडतो आणि स्वार तोंडावर आपटतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही हवं; बर्फावरून परतणारं ऊन खालून भाजतं.

युरोपात भिस्त हिमनद्यांवर. ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्सला ३,२५० मीटरपर्यंत आणि स्वित्झर्लंडमधल्या झर्माटला ३,८८३ मीटरपर्यंत लिफ्टने जाता येतं. बारमाही उतार म्हणून दोन्ही प्रसिद्ध. पण २०२२ च्या उन्हाळ्यात झर्माटलाही उष्णतेमुळे जुलैअखेरीस उतार बंद करावा लागला. त्याआधी २०१७ मध्ये कॅनडातल्या व्हिसलरचं एक नावाजलेलं उन्हाळी शिबिर, आधाराची हिमनदी आटत गेल्याने, कायमचं मिटलं. या हिमनद्यांच्या भरवशावर पुढच्या पिढीला उन्हाळी सराव मिळेल, असं मला वाटत नाही, आणि याचं मनापासून वाईट वाटतं.

ज्यांच्यापाशी पैसा आहे ते सरळ दक्षिण गोलार्ध गाठतात. न्यूझीलंडमधल्या वानाकाजवळच्या कार्ड्रोनाला जून ते ऑक्टोबर हिवाळी हंगाम असतो. वानाकातच वाढलेल्या झोई सॅडॉव्स्की-सिनॉटने २०२२ मध्ये बीजिंगला न्यूझीलंडचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक जिंकलं.

बाकीच्यांना छताखालचा बर्फ किंवा प्लास्टिक. २००५ पासून चालू असलेला 'स्की दुबई' आखातातल्या मराठी कुटुंबांना परिचयाचा आहे. पहिल्यांदा बोर्डावर उभं राहायला तो उत्तम, पण सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा, म्हणजे लय लागते न लागते तोच खाली. शिकण्यासाठी मी प्लास्टिकला वरचा नंबर देतो. कोपनहेगनमध्ये कचरा जाळून वीज आणि उष्णता देणाऱ्या प्रकल्पाच्या छतावर २०१९ मध्ये असा उतार सुरू झाला. ब्रिटनमध्ये मात्र ब्रशसारख्या चटयांचे उतार कितीतरी जुने आहेत. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या खेळातलं ब्रिटनचं पहिलं पदक मिळवणाऱ्या जेनी जोन्सने बोर्डावर पहिलं पाऊल ठेवलं ते अशाच कोरड्या उतारावर. बर्फ अर्धवट टेकलेली कडही सांभाळून घेतो, प्लास्टिक घेत नाही. वजन नीट पडलं नाही की बोर्ड घसरलाच. म्हणून इथे कमवलेलं वळण बर्फावर सहसा सुटत नाही.

प्लास्टिकवर पडलं की खरचटतं, तेव्हा बाह्या लांब हव्यात आणि हातमोजे काढायचेच नाहीत. पडताना मूठ मिटून घ्यायची सवय आधी सपाटीवर लावावी. चटईच्या जाळीत अंगठा अडकून मुरगळणं ही तिथली नेहमीची दुखापत आहे.